झुंबराला लटकून लाथ मारायची, तर फासा किती पडायला हवा?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे छत्रपती संभाजीनगरला भावाकडे जमलो होतो. सतरंजीवर चार पोरं, मधे चिवड्याचं ताट, आणि चिवड्यात गडगडत गेलेला वीस बाजूंचा एक फासा. अण्णा पेपर खाली करून बघत होते. फासे म्हटलं की त्यांना शकुनीच आठवतो. "पैशावर खेळायलेत का गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

पैशावर नव्हतं. पोरं त्या वेळी देवगिरीच्या अंधारीत होती, मनानं. किल्ल्यावरचा तो काळोखा, वळणावळणाचा बोगदा सगळ्यांनी सहलीत पाहिलेला, म्हणून मी तसाच एक बोगदा रंगवून सांगितला होता. वळणावर भाला धरलेला पहारेकरी. धाकट्या भावाचा पोरगा हिंगोलीहून आलेला. तो म्हणाला, "आत्या, मी तलवार नाही काढायलो. पिशवीतली हळद त्याच्या डोळ्यात फेकायलो."

हिंगोलीचा पोरगा, त्याच्या पिशवीत हळद नसेल तर काय असेल! पण तीनशेहून जास्त पानांच्या नियमपुस्तकात हळदीचा उल्लेख नाही. चारही पोरं माझ्याकडे बघत बसली, आणि दारातून अण्णाही. अशा वेळी नियम कसा बनवायचा, हे मी त्या रात्री अण्णांना समजावलं. तेच इथे लिहिते आहे. घरातल्या पोरांनी हा खेळ कुठल्याशा वेबमालिकेत पाहून मागवला आणि तो नक्की काय आहे हे ज्यांना कळेना, त्यांनाही उपयोग होईल.

आधी खेळ काय आहे ते

या प्रकाराला रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यातला सर्वात प्रसिद्ध डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. सारीपाटासारखा ठरलेला पट नाही, जिंकणारा-हरणारा नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एक जण जग चालवतो: भिंती, पाऊस, पहारेकरी, राक्षस सगळं तोच. त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे ती मी.

खेळाडू "मी अमुक करतो" म्हणतो. सोपं असेल तर होतं, अशक्य असेल तर होत नाही. मधलं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या अंगातल्या गुणाचा आकडा त्यात मिळवायचा आणि ठरलेल्या आकड्याला गाठायचं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. फाशाची प्रत्येक बाजू म्हणजे शंभरात पाच, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा हिशेब तोंडी होतो.

लढाईत प्रत्येकाची पाळी येते. एक फेरी म्हणजे खेळातले साधारण सहा सेकंद. तलवार मारणं, बाण सोडणं, ढकलणं, पकडणं, याचे नियम पुस्तकात छापलेले आहेत. हळद फेकणं, झुंबराला लटकणं, शत्रूच्या डोक्यावर घोंगडी टाकणं, पेटती शेगडी उलटवणं यांचे नाहीत.

मग "पुस्तकात नाही, चालणार नाही" असं का म्हणत नाही?

अण्णांचा पहिला प्रश्न हाच. निवृत्त तलाठी माणूस, उताऱ्यावर नोंद नसेल तर त्यांच्या लेखी विहीरच नाही.

मी त्यांना आमच्या गल्लीतलं क्रिकेट आठवून दिलं. क्रिकेटच्या कायद्यात "एक टप्पा एक हात आउट" कुठे आहे? समोरच्या काकूंच्या अंगणात बॉल गेला तर आउट, आणि आणायलाही मारणाऱ्यानंच जायचं, हे कुठे लिहिलंय? तरी गल्लीगल्लीत तोच कायदा. कायदे करणाऱ्यांनी काकूंचं अंगण पाहिलेलं नव्हतं, आम्ही रोज पाहत होतो.

हा वाद या खेळाहूनही जुना आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात राइसविट्झ नावाच्या सरदारानं लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ बनवला आणि १८१२ मध्ये राजाला दाखवला. त्याच्या मुलानं १८२४ मध्ये सुधारलेले नियम छापले. नकाशा, फासे, तक्ते, कोणती तुकडी किती वेगानं जाते, किती माणसं पडतात, सगळं मोजलेलं. पुढे पुढे तक्ते एवढे वाढले की अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्यानं लिहिलं की तक्ते बाजूला ठेवा, ज्यानं खरी लढाई पाहिली आहे अशा पंचालाच निकाल देऊ द्या. तेव्हापासून दोन घराणी पडली, तक्त्यावाल्यांचं आणि पंचावाल्यांचं. गंमत म्हणजे डीएमची खुर्ची पंचावाल्यांकडून आली. डेव्हिड वेसली नावाच्या एका अमेरिकन शौकिनानं १९६९ मध्ये असाच मोकळा पंच ठेवून खेळ चालवला, आणि आर्नेसन त्याच गटात खेळत होता.

उलट दिशेनंही प्रयत्न झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूला कवेत पकडून धरण्याचे नियम इतके पायऱ्यापायऱ्यांचे होते की कुणी "मी त्याला धरतो" म्हटलं की टेबलावरचे बाकीचे चहा टाकायला उठायचे. नुसता स्पर्श होतो का त्याचा फासा वेगळा, पकड बसते का त्याचा वेगळा, आणि त्याआधी शत्रूला फुकटचा एक वार. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मात्र डीएमच्या पुस्तकात ४२ व्या पानावर एक छोटा तक्ता आला: नियमात नसलेलं काही कुणी केलं, तर किती आकडा मागायचा आणि किती इजा धरायची. जुने खेळाडू आजही नुसतं "पान ४२" म्हणतात. माझ्या मते त्या आवृत्तीतलं सगळ्यात कामाचं पान तेच.

तीन फासे मागितले की डाव मेला

नवा डीएम सगळ्यात जास्त चुकतो ते इथे. मीही वर्षभर चुकले.

भावाची मोठी मुलगी चोर झाली होती. बोगद्यापुढच्या दालनात छताला साखळीनं टांगलेला मोठा दिवा. ती म्हणाली, "मी साखळीला लटकते, झोका घेते आणि त्याच्या छातीत लाथ घालून त्याला खंदकाकडं ढकलते." ऐकायला झकास. प्रामाणिक डीएमच्या डोक्यात लगेच चित्र सुरू होतं: आधी साखळी पकडता आली पाहिजे, त्याचा एक फासा. मग लाथ लागली पाहिजे, दुसरा फासा. मग तो पाय रोवून उभा राहतो की तोल जातो, तिसरा फासा. प्रत्येक टप्पा पटण्यासारखा.

आता मोजून बघा. साखळीसाठी १५ हवेत आणि तिच्या गुणाचे ३ आहेत, म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त, शंभरात ४५. वाराला फाशावर १० किंवा जास्त लागतात, शंभरात ५५. तिसरा निम्मा-निम्मा धरू. तिन्ही जमायचे तर गुणाकार करायचा. ४५ चे ५५ टक्के म्हणजे जेमतेम २५, त्याचे निम्मे १२. आठ वेळा लटकलं तर एकदा जमणार. आणि साधी तलवार मारली असती तर? शंभरात ५५.

नगरहून बीडला यायला तीन गाड्या बदलायच्या आणि प्रत्येक गाडी निम्म्या वेळा चुकते, तर माणूस घरीच बसेल. पोरगीही पुढच्या वेळी तोंड पाडून "तलवार मारते" म्हणते. डीएम कुठेच "नाही" म्हणालेला नसतो. त्यानं फक्त तीनदा "हो, पण" म्हटलेलं असतं.

पैज लावा

आता मी वाराच्या फाशाआधी एकच जादा फासा मागते, आणि त्याची पैज करते.

त्यासाठी एकच तांत्रिक शब्द लागतो: अ‍ॅडव्हान्टेज. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून तो या खेळाचा कणा आहे. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. परिस्थिती विरुद्ध असेल तर दोन टाकून लहान धरायचा, त्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणतात.

साखळीचा डाव मी असा लावला: झोक्याचा फासा जमला तर लाथेला दोन फासे, मोठा धर, आणि लागली तर तो खंदकाच्या काठापर्यंत सरकेल. झोका हुकला तर वेडीवाकडी येऊन पडशील, लाथ मारायची तर दोन फाशांतला लहान धर.

शंभरात ५५ चा वार मोठा फासा धरल्यावर ८० च्या आसपास जातो आणि लहान धरल्यावर ३० वर येतो. तिचा झोका शंभरात ४५ वेळा जमणार. ४५ वेळा ८० आणि ५५ वेळा ३०, दोन्ही मिळून सरासरी ५२ च्या आसपास. साध्या वाराचे ५५. म्हणजे जवळपास तेवढंच, थोडंसं महाग, पण जमलं तर शत्रू काठावर.

खरी मजा पुढे आहे. त्याच पैजेत अंगात चपळाई नसलेला, गुणाचा आकडा शून्य असलेला जाडजूड योद्धा उतरला तर त्याची सरासरी ४५ वर येते. गुणाचे ७ असलेला कसलेला डोंबारी उतरला तर ६२ वर जाते. वार करण्याचं कसब तिघांचं सारखंच धरलंय. तरी ज्याचं ते काम आहे त्याला ते परवडतं, ज्याचं नाही त्याला महागात पडतं, आणि मला कुणाला अडवावं लागत नाही.

हे आकडे दर वेळी कागदावर मांडायचे नाहीत, पोरं झोपून जातील. एक फासा, जमल्यावर फायदा, हुकल्यावर तेवढाच दणका, एवढी घडण हाताशी ठेवली की बाकीचं आपोआप जुळतं.

हळदीचा हिशेब

हळदीला मी वेगळा नियम शोधला नाही. पुस्तकात "आंधळा झालेला" अशी एक अवस्था आधीच आहे: त्याच्यावर वार करणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज, त्याच्या स्वतःच्या वाराला डिसअ‍ॅडव्हान्टेज. डोळ्यात हळद गेली म्हणजे हेच. नवीन साडी घेण्यापेक्षा कपाटातली बघावी. घोंगडी टाकली तर तीही आंधळेपणातच बसते. शेगडी उलटवली तर डीएमच्या पुस्तकात निखाऱ्यांनी भाजण्याला दहा बाजूंचा एक फासा इजा धरलेली आहे. हाती लागलेल्या मुसळीनं हाणलं तर चार बाजूंचा.

प्रश्न राहतो किती वेळ, आणि काय मोजून. शत्रूला वाचण्याचा एक फासा दिला. चुकला तर त्याची पुढची पाळी संपेपर्यंत आंधळा. तलवारीच्या जागी हे करायचं, दोन्ही नाही. शिवाय मूठभर हळद एकदाच.

सहा सेकंदांची चाळणी इथे कामी येते. पिशवीची गाठ सोडून, मूठ भरून फेकणं सहा सेकंदांत होतं. पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवून, मागून जाऊन, त्याचं चिलखत सोडवणं होत नाही. तेवढं सांगितलं की पोरंच म्हणतात, "बरं, मग नुसता पट्टा कापतो."

"मग मी त्याचं मुंडकंच उडवतो!"

हा आक्षेप नव्हे, हा हल्लाच असतो, आणि प्रत्येक टेबलावर पहिल्या तासाभरात होतो. हळद चालते तर मान का नाही? "मी नीट मानेवर नेम धरतो. मेला की नाही?"

मेला नाही. तलवार घेतलेला प्रत्येक माणूस मानेवरच नेम धरतो, पिंढरीवर कोण धरतं? साध्या वाराच्या आकड्यात तो नेम आधीच धरलेला आहे. समोरच्याची ढाल, उडी, नशीब हे सगळं त्या आकड्यातून वजा होतं. नुसतं तोंडानं "मानेवर" म्हटल्यानं जास्त इजा देत गेलं, तर तिसऱ्या फेरीपासून टेबलावर सगळे फक्त "मानेवर" म्हणतील, आणि पहारेकरी पण.

त्यामुळे माझा एक खाक्या: डावातून वेगळं काही मिळत असेल तर चालेल, नुसतं जास्त मिळत असेल तर नाही. आंधळा करणं, ढकलणं, हातातलं पाडणं, वाट अडवणं हे वेगळं. जास्त रक्त काढणं हे जास्त. फार खुश झाले की माझाच हा खाक्या सुटतो. एकदा भाचीच्या एका उडीवर भाळून अख्खा राक्षस एका फटक्यात पाडू दिला होता. पुढचे दोन तास सगळे भिंतींवर चढून उड्या मारत होते.

ज्यानं तो डाव घोटलाय, त्याचं काय?

हा आक्षेप वरच्या सगळ्यांपेक्षा रास्त आहे. काही योद्ध्यांना वारासोबत शत्रूला आडवं पाडायची खुबी नियमांतच मिळते. ती मिळवायला त्यांनी दुसरं काहीतरी सोडलेलं असतं. मी प्रत्येकाला फुकटात आडवं पाडू दिलं, तर त्या खेळाडूनं काय मिळवलं?

जत्रेतल्या फडावर धोबीपछाड कुणीही मारून बघू शकतो. बंदी नाही. पण तालमीत चार वर्षं तोच डाव घोटलेला मल्ल तो सहज मारतो, आणि आपण मारायला गेलो तर आपलीच पाठ मातीला लागायची शक्यता जास्त. टेबलावरही तसंच ठेवायचं. खुबीवाला वार करून शिवाय पाडतो. बाकीच्यांनी पाडायचं तर वार सोडून पाडायचं. पुस्तकातलं साधं ढकलणंही असंच आहे, ढकललं की त्या वाराची इजा नाही. दोघांना रस्ता आहे, टोलनाका एकालाच.

डीएमनं पक्षपात केला तर?

करतो. माणूस आहे. आपल्या लाडक्या भाचीला सोपा आकडा आणि आगाऊ भाच्याला अवघड, असं नकळत होतं. हिंगोलीच्या पोरानं ते पकडलंही: "आत्या, ताईला कामून पंधरा अन् मला वीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून फासा हातातून सुटायच्या आधी मी तीन गोष्टी मोठ्यानं बोलते: किती हवेत, जमलं तर काय, हुकलं तर काय. मग विचारते, "टाकायचा?" खेळाडूला माघार घेता येते, घासाघीसही करता येते. "तो दगड ओला आहे म्हणालीस, मग त्याचाही पाय घसरेल ना?" हे मला पटलं तर मी आकडा उतरवते. फासा पडल्यावर मात्र कुणीच काही बदलायचं नाही, मीसुद्धा. गल्लीतही अंगणाचा नियम बॉल टाकण्याआधी ठरायचा. बॉल अंगणात गेल्यावर ठरवायला गेलं की भांडण, आणि बॅट ज्याची तो बॅट घेऊन घरी.

दुसरं, एक शंभर पानी वही. त्यात निकाल एका ओळीत: "हळद – आंधळा, एक पाळी, मूठ एकदाच." "साखळी – झोका १५." पुढच्या वेळी तसंच काही आलं तर वही उघडायची. अण्णांना ही वही फार आवडली. फेरफार नोंदवही म्हणाले तिला. चूक वाटली तर खेळ संपल्यावर, चहा पिताना, सगळ्यांसमोर नोंद खोडायची आणि तारीख घालायची, ही पद्धत त्यांचीच.

"मग दर वेळी हळदच फेकतो की"

फेक ना. दुसऱ्या दिवशी पोरानं गावातल्या दुकानातून, खेळातल्या पैशांनी, पाच किलो हळद घेतली. ताईनं त्याला हसून घेतलं. मी काहीच बोलले नाही, पैसे वजा केले आणि वहीत वजन लिहिलं. नियम बदलून त्याला अडवणं सोपं होतं. पण वहीतली ओळ माझीच होती, आणि ती अशी मधेच फिरवणं म्हणजे खेळात मी दगा दिल्यासारखं झालं असतं.

देवगिरीचीच एक गोष्ट सांगतात. वेढा पडला तेव्हा किल्ल्यात धान्याची म्हणून आणून ठेवलेली पोती उघडली, तर आत मीठ निघालं. पोतं तेच, दोर तोच, पण उपयोग नाही. मला नियमाला हात लावायची गरज नव्हती, जगाला लावला तरी पुरे होतं.

रविवारी पोरं परत अंधारीत शिरली. त्याच वळणावर आता दोन पहारेकरी. भाच्यानं मूठ भरली आणि विचारलं, "कसे दिसायलेत?"

"दोघांनी तोंडाला उपरणं गुंडाळलंय. डोळ्यांपुरती बारीक फट. आणि मागच्यानं मशाल फार पुढे धरलीय."

तो मुठीकडे बघत राहिला. "ह्यांना कुणी सांगितलं?"

"परवाचा पळून गेला होता ना, त्यानं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई त्याच्या कानाशी लागली. तो पिशवीकडे बघायला लागला, मग मशालीकडे, आणि म्हणाला, "आत्या, बारीक भुकटी हवेत उडाली अन् मशाल लागली, तर भडकते ना?"

मी वही उघडली. त्यात तशी नोंद नव्हती.